साधन बदलावे, खंड नको

कुटुंबनियोजनाच्या चर्चेत आपण साधनांच्या पुरवठ्याचा हिशेब ठेवतो. एक साधन सोडून दुसऱ्याकडे वळणाऱ्या स्त्रीचा विचार सहसा करीत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले, तेव्हा मुख्य प्रश्न साधन मिळण्याचाच होता. आज सरकारी आरोग्य केंद्रांत ‘माला-एन’ गोळी, दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली संप्रेरकविरहित ‘छाया’ गोळी, ही तिन्ही साधने विनामूल्य देण्याची योजना आहे. निवड वाढली की बदलही वाढणार. खरा धोका बदलात नसून बदलताना पडणाऱ्या खंडात आहे.

हा खंड बहुधा एका गैरसमजातून पडतो. गोळ्या सोडल्यावर शरीराला दोन महिने विसावा द्यावा आणि मगच नवे साधन घ्यावे, असे अनेक जणी मानतात. शास्त्राला हे मान्य नाही. आधीचे साधन बिनचूक घेतले असेल, तर नवे लगेच सुरू करता येते. माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या असतात. संप्रेरकाच्या गोळ्या चालू असतानाच इंजेक्शन घेता येते. अंतरावरून गोळीकडे यायचे असल्यास पुढील इंजेक्शनच्या ठरल्या तारखेस गोळी सुरू करावी. इंजेक्शनमुळे पुष्कळ स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. ती येण्याची वाट पाहत बसणे म्हणजे संरक्षणाविना राहणे होय. खंड पडलाच असेल, तर गर्भ नसल्याची खात्री करून घ्यावी आणि नव्या गोळीचे वा इंजेक्शनचे पहिले सात दिवस निरोधही वापरावा.

अर्थात प्रत्येक साधन प्रत्येकीस मानवत नाही. उच्च रक्तदाब असणाऱ्या, किंवा सहा महिन्यांच्या आतील बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला माला-एन योग्य नाही. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाने तिचा प्रभाव घटतो; अंतराचा घटत नाही. उलट, लवकरच मूल हवे असणाऱ्या स्त्रीने हे जाणावे की शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणेस बहुधा सात ते दहा महिने लागतात.

आता हे सारे परभणीजवळच्या पिंगळीसारख्या गावात ठेवून पाहावे. मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. निघण्यापूर्वी घेतलेल्या इंजेक्शनची मुदत फडावरच संपते. ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो. परंतु हंगाम त्याहून लांब असतो. अशा स्त्रीला निघण्याआधीच गोळ्यांची पुरेशी पाकिटे आणि त्या कोणत्या दिवशी सुरू करावयाच्या याची लेखी तारीख मिळाली पाहिजे.

अर्थशास्त्रात विनामूल्य वस्तूचीही किंमत असते. इथे ती बुडालेली मजुरी आणि नको असलेले बाळंतपण या रूपाने स्त्रीच मोजते. ती टाळण्यास नवे औषध लागत नाही. आशाताईंची दहा मिनिटे लागतात. वाटलेल्या पाकिटांची नोंद जशी ठेवली जाते, तशी साधन बदललेल्या स्त्रियांचीही ठेवावी आणि त्यांतील किती जणींना खंड पडला, हे तपासावे. योजनेचे खरे यश त्या आकड्यात दिसेल.