अनवाणी पाऊल आणि भूमीशी नाते : एक विवेचन

प्रस्तावना

मानवाचे निसर्गाशी असलेले नाते आपण बहुधा दृष्टीच्या भाषेत मांडतो. डोंगर, नदी, वृक्ष हे पाहण्याचे विषय ठरतात. प्रत्यक्षात आपल्या शरीराचा जो भाग भूमीच्या सर्वाधिक निकट असतो, तो तळपाय होय. अनवाणी चालण्याने भूमीतील विद्युतभार शरीरात येऊन रोग बरे होतात, असे अलीकडे सांगितले जाते. परंतु या दाव्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही. अशा दाव्यांचा आश्रय न घेता अनवाणी चालण्याचे महत्त्व कशात आहे व त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तळपाय : एक ज्ञानेंद्रिय

मानवी पावलात २६ हाडे व तीसहून अधिक सांधे असतात. तळव्याच्या त्वचेत दाब, ताण आणि कंपन टिपणारे संवेदक असून त्यांच्याकडून मिळणाऱ्या माहितीच्या साहाय्याने शरीर आपला तोल सावरते. सतत अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याची कातडी जाड होते. त्यामुळे ती बधिर होत असावी, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि, २०१९ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, प्रामुख्याने केनियातील व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात जाड कातडीमुळे स्पर्शसंवेदना कमी होत नसल्याचे आढळले. म्हणजेच निसर्गदत्त जाड त्वचा पायाचे रक्षण करते आणि जमिनीची जाणीवही शाबूत ठेवते.

पादत्राणे आणि पायाची घडण

या संदर्भात भारतातील एक पाहणी उल्लेखनीय आहे. मणिपाल येथील अस्थिरोगतज्ज्ञांनी ४ ते १३ वर्षे वयोगटातील २,३०० मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास करून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के होते. सपाट तळवा हा प्रत्येक वेळी विकार नसतो, हे लक्षात घेतले तरी वाढत्या वयात पावलाला मोकळीक मिळणे हितावह असावे, असे यावरून सूचित होते.

जयपूर येथे १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला 'जयपूर फूट' हे याहून बोलके उदाहरण होय. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बुटात घालूनच वापरण्याच्या दृष्टीने बनविलेला असे. भारतीय शेतकऱ्याला मात्र चिखलात उतरावे लागते, उकिडवे बसावे लागते, मांडी घालावी लागते. रबराचा हा नवा पाय अनवाणी वापरता येत होता. भूमीशी असलेला संबंध ही केवळ भावना नसून ती जगण्याची गरज आहे, हे या रचनेने ओळखले.

अनवाणीपणाची दुसरी बाजू

अनवाणी चालण्याचे सरसकट उदात्तीकरण मात्र धोक्याचे ठरेल. उघड्यावरील शौचामुळे दूषित झालेल्या मातीतील अंकुशकृमीच्या अळ्या तळव्याच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि पुढे रक्तक्षय उद्भवतो. कुष्ठरोग व मधुमेह यांमुळे ज्यांच्या पायाची संवेदना नष्ट झाली आहे, त्यांना झालेली जखम जाणवतही नाही. अशांसाठी योग्य पादत्राण हाच उपचाराचा भाग असतो. शेतात अनवाणी राबणाऱ्यांना सर्पदंशाचे भयही असते.

याला सामाजिक बाजूही आहे. देशाच्या अनेक भागांत दलितांना सवर्णांच्या वस्तीतून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. चपला घडविणाऱ्या समाजालाच त्या पायात घालण्याची मोकळीक नसावी, ही विसंगती विसरता येत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस पायी आलेल्या शेतकरी व आदिवासी मोर्चेकऱ्यांच्या फोड आलेल्या, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. ते पायही भूमीशी जोडलेलेच होते. पण त्या नात्यात निवड नव्हती.

समारोप

चप्पल उपलब्ध असताना ती स्वेच्छेने काढणे आणि ती मिळतच नसल्याने अनवाणी राहणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली अनुभूती आहे, तर दुसरी वंचना. तसेच काच, खिळे, सांडपाणी व तापलेले डांबर यांनी व्यापलेल्या जमिनीवर अनवाणी चालण्याचा उपदेश निरर्थक ठरतो. म्हणून अनवाणी पाऊल हा भूमीच्या आरोग्याचाच एक निकष मानता येईल. ज्या जमिनीवर लहान मूल निर्धास्तपणे अनवाणी चालू शकते, ती जमीन आपण जपली आहे असे म्हणता येते. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात अशी एखादी मातीची, सावलीची पायवाट आहे काय, या प्रश्नापासून निसर्गसंबंधाच्या अध्यापनास आरंभ करता येईल.