विटेट, जॉर्ज
(१८७८–१९२६). विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या नगररूपाला नवे वळण देणारा ब्रिटिश वास्तुविशारद. जन्म स्कॉटलंडमध्ये. १९०४ मध्ये तो मुंबईस आला आणि मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग याचा साहाय्यक झाला. पुढे त्याच पदावर त्याची नियुक्ती झाली. तत्पूर्वी मुंबईच्या सार्वजनिक इमारतींत गॉथिक शैलीचे प्राबल्य होते. विटेटने विजापूर व गुजरात येथील सुलतानकालीन वास्तूंतील घटकांचा अवलंब केला.

प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझीयमसाठी (सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) त्याचा आराखडा १९०९ मध्ये स्पर्धेतून निवडण्यात आला. कुर्ल्याचा करडा व मालाडचा पिवळसर दगड वापरून उभारलेली ही घुमटाकार इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. संग्रहालय १९२२ मध्ये खुले झाले.

गेटवे ऑफ इंडिया (१९२४) ही त्याची सर्वपरिचित कृती. सु. २६ मी. उंचीच्या या वास्तूत रोमन विजयकमानीच्या कल्पनेला सोळाव्या शतकातील गुजराती शैलीची जोड दिलेली आहे. निधीअभावी नियोजित दर्शनी रस्ता झाला नाही. त्यामुळे वास्तू जवळच्या रस्त्याशी तिरकस दिसते. सम्राटाच्या आगमनाचे स्मारक म्हणून बांधलेल्या याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरच्या ब्रिटिश पलटणीने भारत सोडला.

बॅलार्ड इस्टेट या व्यापारी वसाहतीत मात्र त्याने यूरोपीय अभिजात शैलीच स्वीकारली. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष होता. मुंबई येथे त्याचे निधन झाले.