व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय : दर मोजके, विक्री सुलभ

मोबाइलमधील कॅमेऱ्यामुळे छायाचित्र काढणे आता सर्वांच्या हाती आले आहे. पासपोर्ट सेवा केंद्रात आणि आधार नोंदणीच्या वेळी अर्जदाराचे छायाचित्र तेथेच घेतले जाते. त्यामुळे लहान स्टुडिओंना नियमित उत्पन्न देणारे ओळखपत्रांच्या छायाचित्रांचे काम कमी झाले आहे. अशा परिस्थितीत बाळाचे, कुटुंबाचे किंवा आजी-आजोबांचे भिंतीवर लावण्याजोगे छायाचित्र हाच या व्यवसायाचा मुख्य आधार ठरतो. मात्र लांबलचक दरपत्रक पाहून अनेक ग्राहक निर्णय पुढे ढकलतात आणि परत येत नाहीत.

ठराविक आकार आणि ठराविक संच यांचे महत्त्व या व्यवसायाने फार पूर्वीच ओळखले होते. पॅरिसमधील छायाचित्रकार आंद्रे दिस्देरी यांनी १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. भेटकार्डाच्या आकाराची ही चित्रे संचाने विकली जात. खर्च घटला आणि व्यक्तिचित्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले.

तीनच पर्याय

आजच्या स्टुडिओलाही लहान, मध्यम आणि मोठे अशी तीन पॅकेज पुरेशी आहेत. प्रत्येकात किती प्रिंट, कोणत्या आकाराची फ्रेम आणि किती डिजिटल प्रती मिळतील, हे दरासह लिहिलेले असावे. दरात वस्तू व सेवा कर समाविष्ट आहे की नाही, याचाही स्पष्ट उल्लेख हवा.

दर शेजारच्या स्टुडिओकडे पाहून नव्हे, तर स्वतःच्या खर्चावरून ठरवणे हिताचे असते. समजा, भाडे, वीज, मदतनिसाचे वेतन व उपकरणांची झीज मिळून महिन्याचा खर्च ३० हजार रुपये आहे आणि छायाचित्रकाराला स्वतःसाठी तेवढेच उत्पन्न हवे आहे. महिन्यात २० ग्राहक आले, तर प्रत्येकामागे ३ हजार रुपये मिळाले पाहिजेत. त्यात छपाई व फ्रेमचे दीड हजार मिळवल्यास, कर वगळून दर साडेचार हजार रुपये होतो. यापुढे दिलेली प्रत्येक सवलत छायाचित्रकाराच्या स्वतःच्या उत्पन्नातून जाते.

निवड त्याच दिवशी

शंभर छायाचित्रे ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवून दिल्यास निवड लांबते आणि प्रिंटची मागणी मागे पडते. त्याऐवजी निवडक २० छायाचित्रे त्याच दिवशी मोठ्या पडद्यावर दाखवल्यास निर्णय सोपा होतो. बयाणा वेळ ठरवतानाच घेतल्यास ऐनवेळी रद्द होणारी कामेही कमी होतात.

प्रसिद्धीसाठी सर्वात स्वस्त साधन म्हणजे जुन्या ग्राहकांची नोंदवही. बाळाच्या बारशाला छायाचित्र काढले असेल, तर पहिल्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी, ग्राहकाची हरकत नसल्यास, पाठवलेला एक संदेश अनोळखी लोकांसाठीच्या जाहिरातीपेक्षा अधिक उपयुक्त ठरू शकतो. वहीत नाव, दूरध्वनी क्रमांक आणि महत्त्वाची तारीख एवढ्याच नोंदी पुरतात.

लेखी करार आवश्यक

शोकेसमध्ये किंवा समाजमाध्यमांवर ग्राहकाचे छायाचित्र लावण्यापूर्वी कायद्याची बाजू लक्षात घ्यावी लागते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कधारक, वेगळा करार नसल्यास, ते काढून घेणारी व्यक्ती असते. छायाचित्र स्टुडिओने काढले म्हणून त्याचा हक्क आपोआप स्टुडिओकडे राहत नाही. त्यामुळे पावतीवरच संमतीचा एक रकाना ठेवून स्वाक्षरी घेणे उचित ठरते. लहान मुलांच्या बाबतीत ही संमती पालकांकडून घ्यावी.

तीन दर, एक नोंदवही आणि एक लेखी पावती एवढी व्यवस्था एकट्याने चालवल्या जाणाऱ्या स्टुडिओलाही शक्य आहे. तिच्यामुळे दराच्या घासाघिशीत जाणारा वेळ कॅमेऱ्यामागील कामासाठी उपलब्ध होतो.