गिब्सन, जॉश
गिब्सन, जॉश : (२१ डिसेंबर १९११–२० जानेवारी १९४७). विख्यात अमेरिकन बेसबॉलपटू व ‘निग्रो लीग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या स्पर्धांतील सर्वश्रेष्ठ फलंदाज. जन्म जॉर्जिया राज्यातील ब्यूना व्हिस्टा येथे. वडिलांना पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात काम मिळाल्याने कुटुंब तेथे स्थायिक झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रमुख बेसबॉल संघांना कृष्णवर्णीय खेळाडू वर्ज्य होते. तसा लेखी नियम नव्हता. संघमालकांच्या आपसांतील समजुतीनेच ही बंदी पाळली जाई. त्यामुळे कृष्णवर्णीयांनी १९२० पासून स्वतःच्या लीग उभारल्या. गिब्सनची सर्व कारकीर्द त्यांतच गेली. होमस्टेड ग्रेज संघाकडून तो १९३० मध्ये प्रथम खेळला. त्याच वर्षी जुळ्या अपत्यांच्या जन्मावेळी त्याची पत्नी मरण पावली. १९३२ ते १९३६ या काळात तो पिट्सबर्ग क्रॉफर्ड्‌स संघात होता व १९३७ मध्ये पुन्हा ग्रेजकडे आला. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू अडविणाऱ्या कॅचरचे काम अतिशय कष्टाचे असते. ते सांभाळून त्याने दाखविलेली फटकेबाजी म्हणूनच विशेष मानावी लागते. १९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात व १९४०-४१ मध्ये मेक्सिकोत तो खेळला. तेथे वर्णभेदाची आडकाठी नव्हती.

ग्रेज संघ आपले अनेक सामने वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर भाडे भरून खेळत असे. हे मैदान वॉशिंग्टन सेनेटर्स या श्वेतवर्णीय संघाचे. गिब्सनचे दूरवर जाणारे फटके तेथे सर्वांना पाहता येत. त्या संघात मात्र त्याला प्रवेश नव्हता.

१९४३ पासून मेंदूच्या विकाराने तो ग्रस्त होता. तरीही त्या वर्षीची त्याची सरासरी ०·४६६ होती. अवघ्या पस्तिसाव्या वर्षी पिट्सबर्ग येथे तो निधन पावला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला व प्रमुख लीगमधील बंदी मोडली. गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या सन्मान-मंदिरात (हॉल ऑफ फेम) मात्र १९७२ मध्येच त्याचा समावेश झाला होता.

त्याच्या पराक्रमांविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमबाहेर चेंडू भिरकावल्याची कथा त्यांपैकीच एक. तिला निर्विवाद पुरावा नाही. श्वेतवर्णीयांची दैनिके या सामन्यांचे धावफलक क्वचितच छापीत. कृष्णवर्णीयांची साप्ताहिके चाळून संशोधकांनी एकेक सामना जुळवीत आणला. १९२० ते १९४८ मधील सात निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला व मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट करण्यात आली. तेव्हा गिब्सनची कारकीर्दीतील सरासरी ०·३७२ ठरून टाय कॉबचा ०·३६७ हा दीर्घकाळचा उच्चांक मागे पडला. ही तुलना सावधपणेच केली पाहिजे. कारण कॉबच्या नावे फलंदाजीच्या अकरा हजारांहून अधिक संधी नोंदल्या गेल्या आहेत, तर गिब्सनच्या सव्वादोन हजारांच्या आसपास. लीगचे हंगाम लहान असत आणि संघांचा चरितार्थ गावोगावच्या प्रदर्शनीय सामन्यांवर चाले. हे सामने अधिकृत नोंदींत धरलेले नाहीत. सन्मान-मंदिरातील फलकावर मात्र ते जमेस धरून त्याच्या होम रनांची संख्या जवळजवळ ८०० अशी दिलेली आहे.