हंटिंग्टनचा विकार आणि न जाणण्याचा हक्क

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील लाँग आयलंड बेटावर, ईस्ट हॅम्प्टन गावाबाहेरच्या रानातील रस्त्याने एक डॉक्टर रोगी पाहण्यासाठी निघाले होते. गाडीत त्यांचा लहान मुलगा होता. वाटेत त्यांना दोन स्त्रिया दिसल्या. त्या आई आणि मुलगी होत्या. दोघीही उंच, अत्यंत कृश; दोघींचेही अंग सारखे वळत होते, वाकत होते आणि चेहरे वेडेवाकडे होत होते. मुलगा भयचकित होऊन पाहतच राहिला. वडील थांबले, त्यांच्याशी चार शब्द बोलले आणि पुढे निघाले. या मुलाचे नाव जॉर्ज हंटिंग्टन. १८७२ साली, बावीस वर्षे नुकतीच पूर्ण झालेली असताना, त्याने या विकारावर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे आजोबा आणि वडील त्याच परिसरात वैद्यकी करीत आले होते. त्यांच्या टिपणांचा आधार त्याला मिळाला होता. हा रोग कुळातून येतो, तो प्रौढ वयात प्रकट होतो आणि रोग्याचा कल वेडाकडे व आत्महत्येकडे होतो, ही तीन वैशिष्ट्ये त्याने नेमकी टिपली. आईबापांपैकी ज्याला हा रोग आहे त्याचे अपत्य जर त्यातून सुटले, तर त्या शाखेपुरता तो धागा कायमचा तुटतो, हेही त्याने सांगून ठेवले. आनुवंशिकतेचे शास्त्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते.

हा रोग विरळ आहे. युरोपीय वंशाच्या समाजात दर दहा हजारांमागे सुमारे एकास तो होतो. आशिया खंडात त्याचे प्रमाण याहून कमी आहे, तरी भारतातही अशी कुटुंबे आहेत. रोगी थोडे असतात म्हणून त्यांचे दुःख थोडे असते, असे मात्र नव्हे.

हळूहळू निसटणारे आयुष्य

रोग बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोके वर काढतो. म्हणजे माणूस नोकरीत स्थिरावलेला असतो, संसार उभा राहिलेला असतो, मुले शाळेत जात असतात, अशा ऐन उमेदीच्या काळात. प्रारंभ इतका सूक्ष्म असतो की घरच्यांना आधी जाणवतो तो स्वभावातील बदल. शांत माणूस चिडखोर होतो, हौशी माणूस उदासीन होतो. हिशेबात कधीही न चुकणारा कारकून साध्या बेरजेत अडखळतो. वर्गावर हुकमत असणाऱ्या शिक्षकाला तासाचा क्रम जुळवता येत नाही. मग बोटे विनाकारण हलू लागतात, खांदा उडतो, भुवया चढतात. या अनावर हालचालींना ग्रीक भाषेतील नृत्यवाचक शब्दावरून ‘कोरिया’ हे नाव मिळाले. चाल झोकांड्या खाणारी होते आणि रस्त्यावरचे लोक त्या माणसाला दारुडा ठरवून मोकळे होतात.

पुढे बोलणे अस्पष्ट होते, गिळताना ठसका लागतो, पोटभर खाऊनही वजन घटत जाते. अखेरीस शरीर ताठर होते आणि रोगी अंथरुणाला खिळतो. लक्षणे दिसू लागल्यापासून साधारणतः पंधरा ते वीस वर्षांत मृत्यू येतो. पुष्कळदा अन्नाचा कण श्वासनलिकेत जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाने. या साऱ्यात अधिक हृदयद्रावक गोष्ट अशी, की वाचा गेल्यावरही रोगी आपली माणसे बहुधा ओळखत असतो. त्याला काही कळत नाही असे समजून त्याच्यादेखत बोलणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

माराकाइबोचे ऋण

या रोगाचे मूळ सापडले ते व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या काठी. तेथील दरिद्री कोळी वस्त्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. लोक त्याला नुसते ‘एल माल’, म्हणजे ‘तो आजार’, ‘ते अरिष्ट’ म्हणत. १९५० नंतरच्या दशकात आमेरिको नेग्रेते या तेथल्याच डॉक्टराने तो ओळखला. पुढे १९७९पासून डॉ. नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन संशोधक दरवर्षी तेथे जाऊ लागल्या. त्यांच्या आईचा १९७८मध्ये याच रोगाने अंत झाला होता. म्हणजे हा रोग आपल्यालाही होण्याची शक्यता निम्मी आहे, हे त्या जाणून होत्या. त्यांच्या पथकाने अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ मांडली आणि हजारो लोकांनी आपले रक्त दिले. त्या रक्ताच्या आधाराने १९८३ साली जेम्स गुसेला यांच्या गटाने हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले आणि आणखी दहा वर्षांच्या शोधानंतर, १९९३ साली, प्रत्यक्ष जनुक हाती आले.

दोष वरवर पाहता किरकोळ आहे. जनुकाच्या लिपीतील सी-ए-जी हे तीन अक्षरांचे पद सर्वसाधारण माणसात सव्वीसपर्यंत वेळा लागोपाठ येते. ते चाळीस वा अधिक वेळा आले, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसास हा रोग होतोच. आवृत्त्या जितक्या अधिक, तितका रोग बहुधा लवकर. साठाहून अधिक झाल्या तर तो विशी ओलांडण्याआधीही गाठतो. या दोषामुळे ‘हंटिंग्टिन’ हे प्रथिन विकृत घडते आणि मेंदूच्या गाभ्यातील, हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. दोष मातापित्यांपैकी एकात असला तरी पुरे. प्रत्येक अपत्याच्या जन्मवेळी जणू छापा-काटा होतो.

कळून करायचे काय?

जनुक सापडल्यामुळे एक चमत्कारिक सामर्थ्य माणसाच्या हाती आले. वीस वर्षांच्या निरोगी तरुणाला, चाळिशीत आपले काय होणार, हे रक्ताच्या एका चाचणीने सांगता येऊ लागले. ते टाळण्याचा उपाय मात्र सांगता आला नाही. चाचणी निघाली म्हणजे जोखमीतले सारे लोक तिच्यासाठी रांग लावतील, अशी अनेकांची अटकळ होती. तसे झाले नाही. बहुसंख्यांनी न जाणण्याचाच मार्ग पत्करला. स्वतः डॉ. वेक्सलर यांनी आपल्याविषयी वर्षानुवर्षे मौन पाळले आणि २०२० साली, लक्षणे लपण्यापलीकडे गेल्यावर, आपल्याला हा रोग असल्याचे जाहीर केले.

याला भेकडपणा म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. आशेवर जगणे हाही विवेकाचाच एक प्रकार असू शकतो. उलट, लग्न करावे की नाही, मूल होऊ द्यावे की नाही, हे ठरविण्यासाठी ज्याला निश्चिती हवी आहे, त्याचा जाणण्याचा हक्कही तितकाच पवित्र आहे. पेच असा, की हे ज्ञान एकट्याचे राहत नाही. ज्याचे आजोबा या रोगाने गेले अशा नातवाने चाचणी केली आणि दोष निघाला, तर ज्यांना काहीच जाणून घ्यायचे नव्हते त्या वडिलांचेही भवितव्य त्याच क्षणी उघड होते. म्हणूनच चाचणीपूर्वी व नंतर समुपदेशन असावे, अज्ञान मुलांची चाचणी करू नये आणि कोणावरही, मग तो विमा कंपनीचा असो, मालकाचा असो वा भावी सासऱ्याचा, दबाव नसावा, हा दंडक सर्वत्र कसोशीने पाळला गेला पाहिजे. अमेरिकेने २००८ साली आरोग्य विमा आणि नोकरी यांपुरते कायद्याचे संरक्षण दिले. आयुर्विमा मात्र त्याबाहेरच राहिला.

उपचारांची स्थिती आज अशी आहे : अनावर हालचाली, नैराश्य, चिडखोरपणा यांवर औषधे आहेत; व्यायाम, वाचोपचार आणि भरपूर पोषक आहार यांचाही उपयोग होतो. रोगाची गती थांबविणारे सर्वमान्य औषध अद्याप नाही. ज्या औषधावर मोठी भिस्त होती त्याची मोठी चाचणी २०२१ साली मध्येच थांबवावी लागली. २०२५ साली मेंदूत थेट जनुक पोहोचविण्याच्या एका उपचाराने रोगाची गती बरीच मंदावल्याचे वृत्त आले. परंतु ते मोजक्या रोग्यांवरील होते. आशा धरावी, घाई करू नये, एवढेच त्यावरून म्हणता येते.

आणि हे औषध उद्या खरोखर सिद्ध झाले, तर ते प्रथम कोणाला मिळणार? ज्यांच्या रक्तातून हे जनुक सापडले ते माराकाइबोचे कोळी आजही दारिद्र्यात आहेत. रोग्यांसाठी तेथे चालविलेले एक शुश्रूषागृहही पैशाअभावी बंद पडले. रक्त एका देशातील गरिबांचे आणि औषध दुसऱ्या देशातील श्रीमंतांचे, असा हा व्यवहार होणार असेल, तर त्याला विज्ञानाचा विजय म्हणणे कठीण आहे. दीडशे वर्षांपूर्वी रानातल्या त्या वाटेवर एका डॉक्टरापाशी औषध नव्हते. तरीही गाडी थांबवून त्या दोघींशी बोलण्याइतकी माणुसकी त्याच्यापाशी होती. औषध येईल तेव्हा येवो. तोवर एवढे तरी कोणालाही करता येईल.