मिरासदार : एक शब्द, दोन मुलूख

कुंभकोणमपासून काही मैलांवर नाचियार्कोविल् हे गाव आहे. पितळी समयांसाठी ते विख्यात. नाचियार म्हणजे देवी. येथील विष्णुमंदिरात देवापेक्षा तिचा मान पहिला, म्हणून गावालाही तिचेच नाव. भोवती कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातशेते पसरली आहेत. या शेतांचा मालक कोण, असे पूर्वी विचारले असता जे उत्तर मिळे ते मराठी माणसाला ओळखीचे वाटावे : ‘मिरासुदार’.

हा शब्द मुळात अरबी. ‘मीरास’ म्हणजे वारसा. फारसी दफ्तरांतून तो हिंदुस्थानभर फिरला. महाराष्ट्रात मिरासदार म्हणजे वडिलोपार्जित हक्काने जमीन कसणारा शेतकरी. जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा अधिकार त्याचा, आणि गावच्या निवाड्यात बसण्याचा मानही त्याचा. दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार वर्षांनी परतला, तरी आपल्या शेतावर दावा सांगू शके. बाहेरून येऊन कौलाने जमीन करणारा तो ‘उपरी’. आजचा ‘उपरा’ त्याच घरचा.

तंजावरास 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी राज्य स्थापिले. 1799 मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला आणि 1855 मध्ये गादीही संपली. त्या मुलखात वंशपरंपरागत भूस्वामित्वाला जुना तमिळ शब्द होता, ‘काणियाट्चि’. मद्रासचा अधिकारी एलिस याने 1818 मध्ये मिरासी हक्कावर प्रदीर्घ उत्तरे लिहिली, तेव्हा हे दोन्ही शब्द त्याने एकाच हक्काची नावे म्हणून धरले. सारे गाव एकाच मिरासदाराचे असले, तर त्याला ‘एकभोगम्’ म्हणत. उपऱ्याचा जोडीदारही तेथे होता. त्याचे नाव ‘परकुडी’.

हक्क एक, पण माणूस मात्र निराळा. देशावरचा मिरासदार बहुधा स्वतः नांगर धरी. कावेरीकाठचा मिरासदार पुष्कळदा ब्राह्मण किंवा वेळ्ळाळ. तो बहुधा नांगराला हात लावीत नसे. चिखलात उतरे तो ‘पण्णैयाळ’, म्हणजे मालकाच्या शेतीला बांधलेला गडी, आणि तो बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींचा असे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबूनही तिच्यावर त्याचा वारसा नव्हता. कोशात ‘शेतकरी’ हा अर्थ वाचून तंजावरचे जुने कागद पाहणारा येथेच चकतो : तेथे भात लावणारा कोण, हे ‘मिरासदार’ या शब्दावरून कळतच नाही.

1952 मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाने तंजावर जिल्ह्यापुरता वटहुकूम काढला. त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. ऊठसूट हुसकावून लावण्याविरुद्ध कुळांना व गड्यांना त्याने संरक्षण दिले. कायद्याच्या नावात ‘कूळ’ आणि ‘पण्णैयाळ’ हे दोघे आले. मिरासदाराचे नाव तंजावर शहरातील राजा मिरासदार रुग्णालयाच्या पाटीवर राहिले आहे.