नवतपा, अर्थिंग आणि इलेक्ट्रिक गाडी

मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतप्यात, वरोऱ्याहून मामांचा फोन आला. "काऊन बाप्पा, नवी गाडी चार्जच नाही होऊन राहिली. चार्जरवर लाल लाइट लागते. वायरमन म्हणते, सॉकेटात तारेचा एक तुकडा टाकतो, पाच मिनिटात चालू. टाकू देऊ का?"

मी म्हटलं, "मामा, त्याला चहा पाजा, पण तार टाकू देऊ नका."

माझा पीएचडीचा विषय आहे बॅटरी म्हातारी कशी होते हा. त्यामुळे घरातल्या सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांचे फोन मलाच येतात. प्रश्न बहुतेक वेळा गाडीबद्दल असतो, आणि उत्तर बहुतेक वेळा भिंतीत किंवा अंगणात सापडतं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही. मग निगा राखायची कशाची? ती जिथे उभी राहते त्या जागेची, आणि जिथे जोडली जाते त्या सॉकेटची.

लाल लाइट काय सांगत होती?

तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची जाड पिन अर्थची. गाडीच्या आत कुठे वीज गळून पत्र्यावर आली, तर तिला जमिनीत जायला वाट हवी. ती वाट नीट नसेल तर चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही. तो बिघडलेला नसतो, तो तुम्हाला सावध करत असतो.

आपल्या भागात काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुकली की विजेचा जमिनीशी संपर्क कमजोर होतो. जानेवारीत छान चालणारा चार्जर मे महिन्यात का रुसतो, त्याचं एक मोठं कारण हे.

आता त्या तारेच्या तुकड्याचं. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडले की चार्जर फसतो आणि चालू होतो. पण एखाद्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर घरात चालू असलेल्या पंख्या-बल्बमधून २३० व्होल्ट त्या तुकड्यावाटे सरळ गाडीच्या पत्र्यावर येतात. ओल्या चपलेनं दाराला हात लावणारा माणूस मग त्या विजेची वाट होतो. म्हणून हा जुगाड कधीच नाही, तात्पुरतासुद्धा नाही.

अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरनं मोजून घ्या. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे कमजोर अर्थिंगवरही तो बरोबर व्होल्टेज दाखवू शकतो.

सॉकेट का वितळतं?

कारचा घरगुती चार्जर जवळपास १५ अँपिअर करंट ओढतो, तोही सहा-आठ तास सलग. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गिझर तापला की बंद होतो. एवढा वेळ एवढा भार घरातलं दुसरं क्वचितच काही घेतं.

समजा सॉकेटची पिन थोडी सैल आहे आणि त्या जोडावर फक्त ०.१ ओहम रोध आहे. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. १५ गुणिले १५ गुणिले ०.१, म्हणजे साडेबावीस वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॅटची असते. ती तुमच्या भिंतीत रात्रभर चालू आहे असं समजा. स्कूटरचा चार्जर तीन-चार अँपिअरच घेतो, म्हणून त्याच सैल पिनवर एक-दीड वॅटच उष्णता होते.

म्हणून कारसाठी मेन बोर्डावरून वेगळी लाइन घ्या. तांब्याची ४ चौरस मिलिमीटर तार, तिला स्वतःची एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. कूलर आणि गाडी एका बोर्डावर नको. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. चार्जिंग तासभर झालं की प्लगजवळ हात न्या. कोमट चालेल. चटका बसत असेल, प्लास्टिक पिवळं-काळं पडलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर मेन बोर्डावरून लाइन बंद करा आणि सॉकेट बदला.

ऊन बॅटरीचं काय करतं?

लिथियम बॅटरीच्या आत, ऋण टोकावर एक पातळ थर असतो. तो हवाच, पण तो हळूहळू जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं अडकवतो. हेच बॅटरीचं म्हातारपण. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांत जेवढी झीज, त्याच्या चौपटीच्या आसपास ४५ अंशांत. चंद्रपूर जिल्ह्यात ४५ अंश ही मे महिन्यातली नवलाई नाही, आणि टिनाच्या शेडखाली पारा आणखी चढतो.

दुसरी गोष्ट, बॅटरी जितकी भरलेली तितकी ही झीज जास्त. म्हणजे सगळ्यात वाईट जोडी कोणती? शंभर टक्के चार्ज आणि दुपारचं ऊन.

त्यावरून साधे नियम निघतात. गावातल्या गावात फिरायचं तर ८० टक्के पुरे. चंद्रपूरला जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर करायचे असतील, तर १०० करा, पण पहाटे निघायच्या थोडं आधी पूर्ण होईल असं. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत निवू द्या. महिनाभर बाहेरगावी जाताना निम्मी भरून ठेवा. एलएफपी जातीची बॅटरी असेल, तर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलंय तसं अधूनमधून पूर्ण भरा. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे गाडीला टक्के मोजायला तो शंभरचा टप्पा लागतो.

स्कूटरवाल्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. २०२२ साली वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचे कडक केलेले नियम डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झाले. तरीही काढता येणारी बॅटरी झोपायच्या खोलीत, पलंगाजवळ किंवा बाहेर जायच्या दारात चार्ज करू नका. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी चार्ज करूच नका. स्वस्तातला दुसरा चार्जरही नको.

महिन्यातून एकदा

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ती पडलीच पाहिजे. चार्जिंग पोर्टमध्ये धूळ-पाणी नाही ना पाहा आणि कोरड्या कापडानं पुसा, प्रेशरचं पाणी मारू नका. टायरची हवा बघा, कमी हवा रेंज खाते. कारमधली छोटी १२ व्होल्टची बॅटरी विसरू नका. ती बसली, तर मोठी भरलेली असूनही गाडी उठत नाही. बॉनेटखालच्या नारिंगी केबलांना हात लावू नका. विजा कडाडत असतील तर चार्जिंग थांबवून प्लग काढा.

मामांचं काय झालं? अर्थिंगचा खड्डा उघडला तर आत माती कोरडी ठणठणीत. संध्याकाळी चार बादल्या पाणी ओतलं, गंजलेला जोड नवा केला, वायरमननं मोजून पाहिलं आणि लाल लाइट गेली. आता दर उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालताना एक बादली त्या खड्ड्यात जाते. तुमच्या अंगणातला खड्डा कुठे आहे ते ठाऊक आहे का? नसेल, तर आज शोधा.